मोडलेला पाय आणि शहाणी दया

गळिताच्या हंगामांत करकंबच्या रस्त्यावरून उसानें लादलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धांवतात. त्यांतूनच वाट काढीत मुलें सायकलीवरून शाळेस येतात. माझ्या वर्गांतील एकाची नडगी अशाच अपघातांत मोडली. घरच्यांनीं त्यास प्रथम हाडवैद्याकडे नेलें. कामट्या करकचून बांधल्यानें बोटें गार व निळसर पडलीं. तें आईच्या ध्यानीं आलें आणि रात्रींच इस्पितळ गांठल्यामुळें पाय वांचला. रक्ताचा ओघ कांहीं तास तुटला कीं स्नायु मरूं लागतात. मग पाय कापण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

पहिल्या महायुद्धांत मांडीचें हाड मोडलेले पुष्कळ सैनिक दगावत. ह्यू ओवेन टॉमस यांनीं पूर्वींच योजिलेली लोखंडी चौकट १९१६ नंतर रणभूमीवरच बांधूं लागले, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण फार घटलें. आधीं आधार, मग हालचाल, हाच त्याचा धडा.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, मोडलेला अवयव ओढूं नका, चोळूं नका. आहे त्या स्थितींत फळीचा आधार द्या, वाहतें रक्त स्वच्छ कापडानें दाबून धरा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्याचें संरक्षण आहे. आणि प्लॅस्टर घातल्यावरहि बोटें गार वा बधिर होत नाहींत ना, हें पालकांनीं वरचेवर पाहावें.