बेइतौ : गंधकाच्या वाफेतले गाव

तैवानची राजधानी तैपेईच्या उत्तर सीमेवर, डोंगराच्या कुशीत बेइतौ नावाचे गाव वसले आहे. मेट्रोने शिनबेइतौ स्थानकावर उतरताच हवेतील गंधकाचा उग्र दर्प जाणवतो. गावाचे नाव मूळ केतागालान आदिवासींच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ मांत्रिक स्त्री असा सांगितला जातो. उकळते पाणी आणि सतत उठणारी वाफ पाहता हे नाव सार्थ वाटते.

या गावाचा लिखित इतिहास व्यापारापासून सुरू होतो, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष रुचावी. चीनमधील फूचौ येथील दारूगोळ्याचे कोठार भस्मसात झाल्यावर गंधकाची निकड भासली. त्यासाठी १६९७ मध्ये यू योंगहे हा चिनी गृहस्थ समुद्र ओलांडून येथे आला. त्याने आदिवासींना कापड दिले आणि मोबदल्यात गंधकमिश्रित माती घेतली. नाण्यावाचून झालेल्या या सौद्याचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात करून ठेवले आहे.

१८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. जपानी माणसाला उष्ण झऱ्याच्या स्नानाची मोठी आवड. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या हिराता गेंगो याने तेंगुआन नावाची पहिली स्नानधर्मी पथिकशाळा उघडली. १९१३ मध्ये सार्वजनिक स्नानगृह उभे राहिले आणि १९१६ मध्ये खास प्रवाशांसाठी रेल्वेचा फाटा आला. १९०५ मध्ये ओकामोतो योहाचिरो या संशोधकाला येथील ओढ्यात किरणोत्सर्गी खनिज सापडले. गावाच्या जपानी उच्चारावरून त्याला होकुतोलाइट हे नाव मिळाले.

१९४५ मध्ये जपानी राजवट संपली, पण गावाची चलती काही काळ टिकली. मात्र तिचा पाया शुद्ध राहिला नव्हता. येथे परवानाधारक देहविक्रय चाले. १९७९ मध्ये तो बंद होताच पथिकशाळा ओस पडू लागल्या. १९८८ मध्ये रेल्वेचा फाटाही बंद झाला. स्थानकाची लाकडी इमारत अवघ्या एका तैवानी डॉलरला विकली गेली आणि दूरच्या एका पर्यटन-ग्रामात नेऊन ठेवण्यात आली. पूर्ण घसारा झालेली मालमत्ता आपण वहीत एक रुपया किमतीने दाखवतो, तसाच हा प्रकार. सार्वजनिक स्नानगृहही झाडाझुडपांत हरवले होते.

त्याला पुन्हा उजेडात आणले ते शाळकरी मुलांनी. १९९० च्या दशकात बेइतौच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक व विद्यार्थी परिसराचा अभ्यास करीत असता ही पडकी वास्तू त्यांच्या नजरेस आली. त्यांनी तिच्या जतनासाठी अर्ज केले, नागरिकांनी साथ दिली, आणि १९९७ मध्ये वास्तूला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये तेथे उष्ण झऱ्यांचे संग्रहालय सुरू झाले. खाली विटांचे आणि वर लाकडाचे बांधकाम, रंगीत काचांच्या खिडक्या, मोठा स्नानहौद आणि वर चटयांचे प्रशस्त दालन, हे सारे आज विनामूल्य पाहता येते. सोमवारी मात्र ते बंद असते. एका डॉलरला विकलेले स्थानकही परत आले आणि २०१७ पासून मूळ जागेच्या जवळच उभे आहे.

जवळच उष्णदरी आहे. तिच्या हिरवट तळ्याचे पाणी जवळजवळ उकळत्या तापमानाचे असते. पूर्वी पर्यटक त्यात अंडी उकडीत; भाजण्याचे अपघात झाल्याने ते बंद झाले, हे आपल्याला समाधानाचेच. वाटेवर २००६ मध्ये बांधलेले लाकडी ग्रंथालय आहे, तेही पाहावे.

आहाराची चिंता फार नको. तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी भोजनालये विपुल असून अनेकांच्या पाटीवर स्वस्तिक असते. त्याच्या भुजा आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळतात. शुद्ध बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. बटाटा, मुळा यांसारखी कंदमुळे मात्र चालतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. दुकानातील पाकिटांवरही अंडे व दूध असलेले शाकाहारी पदार्थ वेगळे नोंदवलेले असतात.

बेइतौ पाहून आपल्या गावोगावच्या जुन्या धर्मशाळा, पाठशाळा आणि पेढ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. वहीतली किंमत एक रुपयावर आली की वास्तू पाडण्याचा ठराव सहज मंजूर होतो. तो मांडण्यापूर्वी विश्वस्तांनी एकदा पाठशाळेतील मुलांना त्या वास्तूत न्यावे. ती कोणी बांधली, कोणाच्या दानातून बांधली, तेथे कोण उतरून गेले, याची नोंद त्यांच्याकडून लिहून घ्यावी. मग ठराव मतास टाकावा. हिशेबात न दिसणारी जमेची बाजू तोवर सर्वांच्या ध्यानात आलेली असेल.