बिनदाराचे न्हाणीघर

‘शाळा’ शिकवताना मी वर्गात एक शेरा मारला होता. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीतले ते कोवळे, बोलून न दाखवलेले प्रेम आणि हल्ली मुलींच्या बॅगांतून डोकावणाऱ्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या यांची तुलना करता करता मी म्हणून गेले, की या कादंबऱ्यांत बालपणीचा आघात हा नायिकेच्या अंगावर घातलेल्या दागिन्यासारखा असतो; तो असला म्हणजे ती उठून दिसते, आणि शेवटच्या प्रकरणात नायक तो हलक्या हाताने उतरवून ठेवतो. वर्ग हसला. आपल्याच वाक्याचा मास्तर लोकांना जो एक क्षुद्र आनंद होतो, तो मलाही झाला.

तास संपल्यावर द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ‘मॅडम, यातलं एखादं तुम्ही वाचलंय का?’ प्रश्नात उद्धटपणा नव्हता. मी खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने रेनबो रॉवेलची ‘एलिनॉर अँड पार्क’ माझ्या टेबलावर आणून ठेवली.

ही कादंबरी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कथा घडते 1986 साली, अमेरिकेच्या मध्यभागातल्या ओमाहा या शहरात. शाळेच्या बसमध्ये एलिनॉरला जागा मिळते ती पार्कशेजारी. ती अंगाने भरलेली, तांबड्या केसांची, पुरुषी कपडे घालणारी. तो कोरियन आईचा आणि अमेरिकन बापाचा मुलगा. तो कॉमिक्स वाचत असतो आणि ती तिरक्या नजरेने त्याच पानावर वाचते आहे, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो तिचे वाचून होईपर्यंत पान उलटत नाही. एक शब्दही न बोलता दोघांचे असे कित्येक दिवस जातात. प्रेमाचा इतका संयत आरंभ मी अलीकडच्या मराठी कादंबरीत तरी फारसा पाहिलेला नाही. (पार्कच्या कोरियनपणाच्या चित्रणावर पुढे बरीच टीका झाली आणि ती मला निराधार वाटत नाही; पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मला थांबवले ते मात्र एलिनॉरच्या घराने. सावत्र बाप रिची याने तिला एकदा घराबाहेर काढलेले आहे. वर्षभर परक्यांकडे राहून ती परत आली आहे. एका खोलीत पाच भावंडे, घरात फोन नाही, आणि न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून, त्याला दारच नाही. रिची घरी यायच्या आत ती अंघोळ उरकते. तिच्या वह्या-पुस्तकांवर कोणीतरी घाणेरडा मजकूर लिहीत असते. ते वर्गातल्या टवाळांचे काम, असे तिच्याबरोबर आपणही धरून चालतो. ते अक्षर घरातलेच आहे हे फार उशिरा कळते. रॉवेल ही भीती समजावून सांगत बसत नाही. ती फक्त वेळापत्रक देते : तो कधी येतो, कधी झोपतो, तोवर कोणी काय उरकून घ्यायचे.

ते वेळापत्रक मला ओळखीचे होते. आमच्या घराच्या फाटकाची कडी दोन तऱ्हांनी वाजत असे. एका आवाजाचा अर्थ वडील नुसते थकून आले आहेत, दुसऱ्याचा अर्थ ते पिऊन आले आहेत. मी आणि माझा धाकटा भाऊ त्या आवाजावरून जेवायला बसायचे की झोपेचे सोंग घ्यायचे ते ठरवीत असू. सकाळी आई उजळ चेहऱ्याने चहा टाकी आणि वडील आम्हाला शुद्धलेखन घालीत. हे मी आजवर कुठे लिहिलेले नाही. एम. ए.ला असताना ‘मराठी कथेतील बालमन’ या विषयावर निबंध वाचला, त्यातही नाही. त्यात मी प्रकाश नारायण संतांच्या लंपनवर पानेच्या पाने लिहिली होती. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या त्या मुलाच्या पोटात जे सारखे कालवते, आणि सुमी भेटली की ते कसे क्षणभर बाजूला सरते, त्यावर मी ‘निरागसता’ हा शब्द किती वेळा वापरला असेल! आज वाटते, मला तो शब्द हवा होता. त्याच्याआड उभे राहता येत होते.

असो. त्यानंतर या जातीची आणखी दोन पुस्तके मी त्याच मुलीकडून मागून घेतली, आणि माझा शेरा निम्मा खरा आणि निम्मा खोटा ठरला. कॉलीन हूवरच्या ‘होपलेस’ला (2012) तो बऱ्यापैकी लागू पडतो. लहानपणी बापाकडून अत्याचार सोसलेली, आणि तेच विसरून गेलेली नायिका. तिला सतराव्या वर्षी भेटणारा नायक नेमका तिचा बालपणीचा शेजारी निघतो. जखमेची किल्लीही त्याच्याच खिशात आणि मलमही. अशा कादंबरीत आठवण परत येते ती कथानकाच्या सोयीने. वाचताना डोळे भरून येतात हे मी नाकारत नाही. पण पुस्तक मिटल्यावर ठगवल्यासारखे होते.

स्टीफन चबॉस्कीच्या ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’मध्ये (1999) याच्या उलट घडते. चार्लीचे सॅमवर मनापासून प्रेम आहे. ती अखेर त्याच्या जवळ येते, आणि तिच्या स्पर्शानेच त्याच्या आत काहीतरी कोसळते. लहानपणी त्याच्यावर अत्याचार झाला होता, आणि तो करणारी होती त्याची सर्वांत लाडकी हेलन मावशी. तीही बालपणी अशीच पोळलेली. त्याच्यासाठी भेटवस्तू आणायला गेली असता ती अपघातात मरण पावली होती. म्हणजे येथे प्रेम जखम भरून काढीत नाही, ती उघडी करते. चार्लीला सावरतात ते रुग्णालय, डॉक्टर, घरची माणसे आणि काळ. सॅम त्याला भेटायला येते, एवढेच. तरुण वाचकांच्या हाती प्रेमकथा म्हणून पडणाऱ्या पुस्तकात हे सांगायला धैर्य लागते.

एलिनॉरच्या बाबतीतही पार्क तिला बरी करीत नाही. तो तिला कॉमिक्स देतो, गाणी भरलेल्या कॅसेट देतो, वॉकमनचे सेल देतो. आणि शेवटी, तिला त्या घरात एक रात्रही काढणे अशक्य होते तेव्हा, बापाचा ट्रक घेऊन तिला मिनेसोटातल्या मामाकडे पोचवतो. पोचवतो, म्हणजेच तिला गमावतो. ज्या मिनेसोटात एलिनॉरला आसरा मिळतो, तिथल्याच काही पालकांनी 2013 मध्ये या पुस्तकातल्या शिवराळ भाषेवर आक्षेप घेतला आणि लेखिकेची ठरलेली भेट रद्द झाली. शिव्या पालकांना दिसल्या. न्हाणीघराला दार नाही, हे बहुधा दिसले नाही. पण हसायचे कोणाला? मीही एका वाक्यात हे सारे उडवून लावले होतेच.

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. नवऱ्याच्या प्रेमाने मी ते सगळे विसरेन अशी त्याची आणि माझीही समजूत होती, आणि ती खोटी ठरली याचा सुरुवातीची काही वर्षे आम्हा दोघांना अपमान वाटत असे. वाऱ्याने दार आपटले की मी हातातले टाकून उभी राहते, अजूनही. त्याने एके रविवारी घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला रबराचे तुकडे ठोकले. त्याविषयी आम्ही कधी काही बोललो नाही. पार्कने दिलेल्या सेलांपाशी मी आले तेव्हा मला ते तुकडे आठवले.

पुस्तक परत करण्यापूर्वी मी ते पुन्हा चाळले. न्हाणीघराच्या प्रसंगाशी पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ होती. पहिल्या वाचनात ती माझ्या नजरेतून सुटली होती. शिक्षकाने काय विचारावे आणि काय विचारू नये याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी ती आली तेव्हा एवढेच विचारले, ‘घरी सगळं ठीक आहे ना गं?’

‘आता मी होस्टेलला असते, मॅडम,’ ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितले आणि माझा फोन नंबर एका कागदावर लिहून दिला. तिने तो घडी करून बॅगेत ठेवला. मग, विषय बदलावा म्हणून की तोच पुढे न्यावा म्हणून, तिने विचारले, ‘शेवटच्या पोस्टकार्डावर काय असेल, तुम्हाला काय वाटतं?’ कादंबरीच्या अखेरीस, कितीतरी महिन्यांच्या मौनानंतर, एलिनॉरचे एक पोस्टकार्ड पार्कला येते. त्यावर फक्त तीन शब्द असतात, आणि ते कोणते हे लेखिका सांगत नाही.

‘प्रेमाचेच असणार, दुसरे कुठले?’ मी म्हणाले.

‘मला नाही वाटत,’ ती म्हणाली. ‘मला वाटतं, तिनं लिहिलं असेल, मी सुखरूप आहे.’

मी कपाटातून ‘वनवास’ काढून तिच्या हाती दिले. किती दिवस ठेवले तर चालेल, असे तिने विचारले.