तोंड मिटलेलं असावं

अलिबागच्या बाजारात आई मासळी घ्यायला बसली की मी तिच्या पाठीशी पिशवी धरून उभी असे. पापलेट हातात घेतलं की आधी ती कल्ला उचलायची, मग डोळा बघायची, मग अंगठ्यानं पोट दाबायची. खळगा तसाच राहिला तर मासा पाटीत परत. कोळीणमावशी म्हणायची, "अगं, आत्ताच होडीतनं उतरलाय." आई हुज्जत घालत नसे. उठायची आणि पुढच्या पाटीशी जायची. "मासा स्वतःच सांगतो," वाटेत मला म्हणायची, "आपण बघायला थांबलं पाहिजे."

पुढे कितीतरी वर्षांनी ठाण्यात एका मत्स्यालयाच्या दुकानात मी हे सगळं विसरले. घरातली खाऱ्या पाण्याची टाकी जेमतेम दोन महिन्यांची होती. दुकानातल्या काचेमागे एक समुद्रफूल (सी ॲनिमोनी) होतं, दुधासारखं पांढरं आणि बोटासारख्या प्रत्येक शुंडाच्या टोकाला जांभळा ठिपका. "ताई, असा पीस परत यायचा नाही," दुकानदार म्हणाला. मी घेऊन आले. एकोणीस दिवस जगलं ते. रोज थोडं आक्रसायचं, तोंड थोडं जास्त उघडायचं. विसाव्या दिवशी सकाळी टाकीचं झाकण उचललं आणि वासानंच कळलं.

त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ मला नंतर समजला. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या समुद्रफुलांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तपकिरी, सोनेरी छटा त्याचीच. ते उजेडात साखर बनवतं आणि आपल्या यजमानाला देतं. समुद्रफुलाचं बरंचसं पोट त्यावर भरतं. पाणी तापलं, उजेड मिळाला नाही, प्रवासात हाल झाले की हे शैवाल अंगातून निघून जातं. मागे राहतं ते पांढरं, पारदर्शक शरीर. मी सुंदर म्हणून उचललं होतं ते उपाशी होतं. असंच फिकुटलेलं समुद्रफूल पिवळ्याधमक रंगात बुडवून विकण्याचेही प्रकार होतात. हळदीसारखं एकसारखं पिवळं दिसलं तर माझा पाय तिथे थांबत नाही.

आता मी दुकानात जाते ती निदान तासभर मोकळा ठेवून, आणि पहिल्या फेरीत पैसे काढत नाही. आधी तोंड बघते. समुद्रफुलाला खायला आणि टाकाऊ बाहेर टाकायला एकच वाट असते, ती बोटांच्या मधोमध. निरोगी असेल तर ती घट्ट मिटलेली असते, नाडीनं आवळलेल्या बटव्यासारखी. सैल पडलेली, आतला पदर बाहेर आलेली असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही. मग पाय. खालच्या चकतीसारख्या भागानं ते दगड धरतं. समुद्रातून काढताना, नाहीतर दुकानात काचेवरून खरवडताना हा पाय फाटतो, आणि फाटका पाय बरा होण्याआधी बहुतेक वेळा सडतो. म्हणून ज्या दगडाला धरून बसलंय त्या दगडासकट देत असतील तर मी दोन पैसे जास्त मोजते. पाण्यात गडगडत फिरणारं, कोपऱ्यात आडवं पडलेलं समुद्रफूल स्वस्तात मिळालं तरी नको.

फुगलंय की आक्रसलंय यावर मात्र लगेच मत बनवू नये. निरोगी समुद्रफूलही दिवसातून कधीतरी अंगातलं पाणी सोडून देतं, तपकिरी धागे बाहेर टाकतं आणि तासाभरात पुन्हा फुलतं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत जायचं. पहिल्या दिवशी चिमलेलं दुसऱ्या दिवशी टवटवीत असेल तर ठीक. दोन्ही दिवशी चिमलेलंच असेल तर उत्तर मिळालं.

शेवटी बोट. दुकानदाराला विचारून, हात नीट धुऊन, एका बोटानं अलगद स्पर्श करायचा. लहानपणी ओहोटीला आम्ही कुलाबा किल्ल्याकडे चालत जायचो तेव्हा वाटेवरच्या खडकांत, साचलेल्या पाण्यात, बटणाएवढी तपकिरी समुद्रफुलं असायची. बोट लावलं की ती बोट धरायची आणि मिटायची. ते धरणं म्हणजे शेकडो सूक्ष्म दंशपेशी एकदम सुटणं. आपल्या बोटाच्या जाड कातडीला तो नुसता चिकटपणा वाटतो. (नंतर तो हात डोळ्याला लावू नये.) दुकानातल्या समुद्रफुलानं बोट असं धरलं तर त्याच्यात जीव आहे. निसटून जाऊ दिलं तर नाही.

आणखी एक प्रश्न मी न चुकता विचारते: या टाकीत माशांसाठी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या अंगावरचे परजीवी तांब्यानं मरतात, पण समुद्रफुलाला तेच विष आहे. दुकानदार अडखळला तर मी नमस्कार करून निघते.

हे सगळं जमलं तरी घरची टाकी तयार नसेल तर उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आत समुद्रफूल आणू नये. वर्षभर थांबलात तर फार चांगलं. नव्या टाकीचं पाणी किटवर शुद्ध दिसतं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पण दगडांत जिवाणू अजून पुरते रुजलेले नसतात आणि आकडे आठवड्याला उड्या मारतात. मी तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी केली, त्यामुळे थेंब मोजणं आणि रंग जुळवणं हाताला सवयीचं. तिथे एक गोष्ट शिकले होते की एकटा रिपोर्ट फारसं बोलत नाही, मागचे चार शेजारी ठेवले की बोलतो. टाकीजवळ माझी वही असते. तापमान 25 ते 26 अंश, विशिष्ट गुरुत्व 1.025, नायट्रेट 10 च्या खाली. हे आकडे कुणीही सांगेल. मी बघते ते सलग दोन महिने ते तसेच राहिले का.

ठाण्यात मे महिन्यात ते तसे राहत नाहीत. घरात 33 अंश असतात. मी चिलर घेतला तो समुद्रफुलासाठीच, आणि पंप चालू राहावा म्हणून इन्व्हर्टरही. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उडतं, आणि नवखा माणूस तिथे हमखास चुकतो: कमी झालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी ओततो. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. दर लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असलेली टाकी अशी आठवड्याभरात खारट होत जाते. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, रोज थोडी. खारं पाणी फक्त बदलताना, आठवड्याला दहा टक्के.

अलिबागच्या खडकांतली ती लहान समुद्रफुलं पावसाळ्यात गोडं पाणी अंगावर घेतात, उन्हात तापतात, तरी टिकतात. प्रवाळाच्या कड्यांवरची तशी नाहीत. त्यांच्या मुलखात पाणी वर्षभर जवळजवळ एकसारखं असतं. किनाऱ्यावरून काही उचलून टाकीत टाकू का, असं मला अनेकजण विचारतात. उचलू नका. दगडी प्रवाळ तर 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा तुकडाही घरी आणू नये. माझ्या टाकीतले दगड भट्टीत भाजून बनवलेले आहेत, आणि आता त्यांच्यावर इतकं काही उगवलंय की ते ओळखू येत नाहीत.

माझं दुसरं समुद्रफूल निवडीत चुकलं नव्हतं. ते बबल टिप जातीचं होतं, बोटांच्या टोकाला फुगीर बोंडं असलेलं, घरगुती टाकीला त्यातल्या त्यात मानवणारं. पण समुद्रफूल चालतं हे मी गांभीर्यानं घेतलं नव्हतं. जागा पसंत पडली नाही की ते पाय सोडून सरकत जातं, बहुधा रात्री. आठ महिन्यांनी एका रात्री ते वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीतलं पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, जाळीपर्यंत पोचलं. सकाळी पाणी गढूळ होतं आणि त्याच्या चिंध्या टाकीभर तरंगत होत्या. त्या चिंध्यांतल्या दंशपेशींनी आणि सडण्यानं दोन मासेही गेले. अर्धं पाणी बदललं, पाणी गाळायला कोळसा लावला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंज असतो. नवं समुद्रफूल आलं की मी दोन रात्री वेव्हमेकर बंदच ठेवते, त्याचा पाय एखाद्या खाचेत रुतेपर्यंत.

2003 साली 'फाइंडिंग नेमो' आला तेव्हापासून समुद्रफूल घेणाऱ्याला क्लाउनफिशही हवाच असतो. हजाराहून अधिक जातींच्या समुद्रफुलांपैकी जेमतेम दहा जाती या माशाला घर देतात. टाकीत तर दोघांना एकमेकांवाचून काही अडत नाही. पैदास केंद्रात जन्मलेला क्लाउनफिश कधी कधी महिनोन्‌महिने त्याच्याकडे फिरकत नाही. उलट समुद्रफूल लहान असेल तर मासा त्याला इतका घुसळतो की ते फुलतच नाही. मी आधी समुद्रफूल वर्षभर एकटं ठेवते. आठवड्यातून एकदा कच्च्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा देते, मीठ-हळद न लावलेला. मोठा दिला तर दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा बाहेर येतो.

तिसरं समुद्रफूल मी 2014 मध्ये आणलं. ते अजून आहे. चौथ्या वर्षी एका सकाळी ते लांबट ताणलेलं दिसलं, दोन विरुद्ध दिशांना निघालेलं. मी घाबरून चिमटा हातात घेतला होता. संध्याकाळपर्यंत दोन झाली, दोघांचीही कड फाटलेली, आणि आठवड्याभरात दोघांची तोंडं मिटलेली. आता टाकीत तीन आहेत. दोन मी दिली, एक नाशिकला आणि एक डोंबिवलीला, दोघांच्याही टाक्या वर्षभर जुन्या आहेत याची खात्री करून.

समुद्रफूल पाळणाऱ्याच्या मागेही जगू शकतं. निसर्गअभ्यासक सर जॉन ग्रॅहम डॅलियल यांनी 1828 साली स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक छोटं समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. ते स्वतः 1851 मध्ये वारले. समुद्रफूल एडिंबरात एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणू लागले. 1887 मध्ये ते मेलं. बरणीतली 59 वर्षं. तेव्हा ना चिलर होता ना टेस्ट किट; पाणी बदलणारं कुणीतरी होतं. मी आता साठीत आहे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी भाचीचं नाव लिहून ठेवलंय, आणि दर रविवारी पाणी बदलताना ती शेजारी उभी असते.

दुकानात दुधासारखं पांढरं समुद्रफूल दिसलं तर दया येऊनही ते घेऊ नका. तुम्ही घेतलंत की त्याच्या जागी पुढच्या आठवड्यात दुसरं येतं.