उद्याचे क्रियापद

इंग्रजीच्या तासाला सरांनी एक साधे काम दिले. पुढच्या वर्षी आपण काय करणार, यावर प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचे. मी लिहिले, 'आय विल बी इन टी.वाय.' सरांनी वही पाहून विचारले, "हे आत्ता बसल्याबसल्या ठरवलेस, की आधीच ठरले आहे?" वर्ग हसला. मी गप्प. सर व्याकरण विचारत होते आणि मला वाटले, आमच्या घरचे यांना कुणी सांगितले?

घरचे असे, की थोरल्या ताईचे बारावीनंतर लगेच लग्न झाले. कॉलेजची पायरी चढलेली आमच्यात मीच पहिली. आणि यंदा आत्याने माझ्यासाठी एक स्थळ आणले आहे.

सर म्हणाले, इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचे स्वतःचे रूपच नाही. रूपे दोनच, वर्तमानाचे आणि भूताचे. भविष्याचा सगळा संसार उसनवारीवर! 'विल' म्हणजे मुळात इच्छा असणे आणि 'शॅल' म्हणजे देणे लागणे. 1653 साली जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. त्यात नियम असा, की 'आय'पुढे 'शॅल' आले तर नुसते भाकीत, 'विल' आले तर वचन किंवा धमकी. इतरांच्या बाबतीत नेमके उलट. आता हा नियम फारसा कुणी पाळत नाही. मला मात्र तो आवडला. माणूस बदलला की त्याच शब्दाची धमकी होते, हे आत्याकडे पाहून पटते.

नुसता अंदाज असेल तर 'इट विल रेन', पण आभाळ समोर भरून आले असेल तर 'इट इज गोइंग टु रेन'. हे ऐकताना अण्णा आठवले. ते कधी म्हणतात, "पाऊस येईल," आणि कधी बांधावर उभे राहून, "पाऊस येणार." दुसरे म्हटले की आई वाळवण उचलते. पहिल्याला ती जागची हलत नाही. आई स्वतः घराबाहेर पडताना 'येते' म्हणते, आणि हाक मारली तर चुलीपुढून न उठताच 'आले, आले!' म्हणजे आमच्याकडे भविष्याला भूतकाळसुद्धा चालतो.

अण्णांचे 'बघू' मात्र इंग्रजीत कशात बसवावे ते कळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचे मी दोनदा काढले, दोन्ही वेळा 'बघू'. सरांना विचारणार होते, धीर झाला नाही.

परवा रात्री आत्या पुन्हा आली. "यंदा हिचं उरकायचं," म्हणाली. हे थेट 'शॅल'च, देणे लागल्यासारखे. मी भाकरी थापत कान देऊन होते. अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "जूनमधी पोरीचं तिसरं वरीस हाय."

'असंल' नाही, 'बघू' नाही. सरांनी शेवटी घाईघाईत सांगितलेला प्रकार आठवला. गाडीच्या वेळापत्रकासारखे ठरलेले असेल, तर इंग्रजीत भविष्यालाही साधा वर्तमानकाळ वापरतात. आत्या काही बोलली नाही. तिने पान घेतले.

रात्री वहीतले वाक्य खोडून मी नवे लिहिले, 'माय थर्ड इयर बिगिन्स इन जून.' सरांना अजून दाखवलेले नाही.