गप्प बसलो असतो तर

कळंबोलीत आमचं सिडकोचं घर आहे, दोन खोल्यांचं. अब्बांनी लोखंड बाजारातला माल ट्रकने वाहून त्याचे हप्ते फेडले. मोठा भाऊ गेला तेव्हा त्याची मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा तीन. अम्मी त्याआधीच गेली होती. भाभी मुलांना घेऊन आमच्यातच राहिली.

गेल्या वर्षी एका रात्री जेवताना अब्बा म्हणाले, "सोसायटीत नातवाला नॉमिनी केलंय. आता माझे डोळे मिटले तरी चिंता नाही." भाभीचा चेहरा उजळला. मी मात्र खाली मान घालून जेवत राहिलो.

कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला माहीत होतं. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला शेअर्सचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं हेच सांगितलं. सोसायटीतही वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. वारस ठरतात ते ज्याच्या-त्याच्या वारसा कायद्यानं.

आणि आमच्या कायद्यात जवळचा वारस दूरच्याला अडवतो. मुलगा हयात असेल, तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा नाही. अब्बांनंतर घराचे दोन हिस्से माझे, एक बहिणीचा. माझ्या पुतण्या-पुतणीला शून्य. त्यांना अडवणारा वारस मीच होतो. मला काही लबाडी करायची गरज नव्हती, फक्त गप्प बसायचं होतं. खरं सांगतो, मी दोन महिने गप्प बसलो.

इजिप्तनं १९४६ साली अशा नातवंडांसाठी वसीयत कायद्यानंच बंधनकारक केली. पाकिस्तानात १९६१ पासून त्यांना मेलेल्या आईबापाचा वाटा मिळतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण वाट आहे. कर्ज आणि दफनाचा खर्च भागवून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, आणि ती वारस नसलेल्यासाठी करायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणजे जो नियम या मुलांना वारसांतून वगळतो, तोच त्यांना वसीयतीसाठी पात्र ठरवतो.

शेवटी अब्बांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पोरांसाठी काहीच ठेवलेलं नाही?"

"ठेवलंय अब्बा. पण ते तुम्ही लिहायचंय, तेही हयातीत."

सूरह निसामध्ये वाटण्यांचे हिस्से येण्याआधीच सांगितलंय, की वाटणीच्या वेळी नातेवाईक, अनाथ, गरजू हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या. हे अब्बांना पाठ होतं. आपल्याच घरात ते लागू पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पनवेलच्या वकिलांकडे गेलो. वसीयतीला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी दोन साक्षीदार घेऊन दुय्यम निबंधकांकडे नोंदवून टाकली. बाप नसलेल्या मुलांच्या मालमत्तेचा पालक आमच्या कायद्यात आजोबा असतो, आई आपोआप होत नाही. म्हणून आपल्यानंतर ही जबाबदारी भाभीकडे, असंही अब्बांनी त्यात लिहिलं.

अब्बांना मुलांना अर्धं घर द्यायचं होतं. त्यांनी तसंच लिहिलं. पण तृतीयांशाच्या वरचं वारसांच्या संमतीशिवाय मिळत नाही. आम्ही भावंडं नाही म्हणालो, तर घराच्या नऊ भागांतले तीन मुलांना, चार मला, दोन बहिणीला.

मी वकिलांना म्हटलं, "माझी संमती आताच लिहून घ्या."

ते म्हणाले, "आजची चालत नाही. ती वडिलांच्या पश्चात द्यावी लागते."

अल्लाह अब्बांना दीर्घायुष्य देवो. पण तो दिवस येईल तेव्हा मी कसा असेन, माझी मुलं किती मोठी झालेली असतील, कळंबोलीत घरांचे भाव कुठे गेलेले असतील, कोण जाणे. म्हणून आजच इथे लिहून ठेवतो: माझी संमती आहे. तेव्हा मी पुन्हा गप्प बसलो, तर वाचणाऱ्यांनी आठवण करून द्यावी.