काचेआडचं दव

हेडलाईटच्या काचेआड वाफ धरली की पहिला संशय फटीवर जातो. फट शोधा, बुजवा, संपलं. सावंतवाडीतल्या आमच्या इलेक्ट्रिशियनचंही तेच म्हणणं होतं : "काका, चारी बाजूंनी सिलिकॉन मारून टाकूया." गाडीच्या मूळ दिव्यांच्या काचा उन्हानं पिवळ्या पडल्या होत्या, म्हणून मी बाजारातून एलईडीचा प्रोजेक्टर सेट आणून बसवून घेतला होता. पहिल्याच पावसात डावा दिवा दुधाळ झाला. आंबोली घाटात बाहेर धुकं असतंच. दिव्यातही धुकं असेल तर वळणावरचा कठडा वेळेवर दिसत नाही.

पण दिवा हा हवाबंद डबा नसतोच, नसावाही. पेटला की आतली हवा तापून फुगते आणि मागच्या ब्रीदरवाटे, म्हणजे हवेच्या छिद्रावाटे, बाहेर पडते. विझला, वरून पाऊस पडला, की उरलेली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. आतला सर्वांत थंड भाग म्हणजे काच, म्हणून दव तिच्यावरच. जुना हॅलोजन निदान काच तापवायचा. एलईडीची बरीचशी उष्णता मागच्या बाजूला जाते, समोरची काच थंडच राहते आणि धुकं रेंगाळतं. चांगल्या दिव्यांत ब्रीदरवर एक बारीक पडदा असतो. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. माझ्या सेटला नुसती वाकडी रबरी नळी होती.

मी सिलिकॉनला ठाम नकार दिला. ब्रीदर बुजला तर आत शिरलेली ओल तिथेच कोंडते. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ रिफ्लेक्टरचा चकचकीत थर खाते, आणि तो परत येत नाही. पाणी निघावं म्हणून खालून भोक पाडणं तर आमच्या लाल चिखलाच्या रस्त्यांवर त्याहून वाईट.

दिवा उतरवून मागून पाहिला. डाव्या बाजूला बॅटरीमुळे जागा कमी, म्हणून बल्बचा पंखा मावावा यासाठी बसवणाऱ्यानं रबरी टोपण कापलं होतं. पाणी तिथूनच आत उडत होतं. आणि ब्रीदरच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं! म्हणजे पाण्याला यायला वाट मोकळी आणि वाफेला जायची वाट बंद. नळी तारेनं साफ केली, खोल टोपण मागवलं, बल्ब काढून हेअर ड्रायरची मंद हवा बराच वेळ आत सोडली. घाई केली तर प्लास्टिक वाकतं. सिलिका जेलची पुडी आत टाकायचा सल्लाही मिळाला होता. पण ती एकदा ओल पिऊन भरली की आमच्या पावसात तिचा काही उपयोग नाही.

तळाशी पाणी साचून हललं असतं, तर काचेभोवतीचा ब्यूटाईलचा चिकट सील गरम करून दिवा उघडावाच लागला असता. तशी वेळ आली नाही. पहाटे निघालो तर कोपऱ्यात अजून थोडी वाफ दिसते. दाणोली येईपर्यंत ती निवळते. तेवढीला मी हात लावत नाही.