रायबागनचा मुलूख

फुलसावंगीचा माणूस माहूरला जातो तो रेणुकेला. पैनगंगा ओलांडायची, देवीच्या पायऱ्या चढायच्या, तांबुलाचा प्रसाद घ्यायचा, दत्तशिखर आणि अनसूया करून दिवेलागणीच्या आत घर गाठायचं, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. या वाटेवर समोरच्या डोंगरावर किल्ल्याचा तट दिसतो. आई मुलाला बोट दाखवून सांगते, "तो किल्ला." तेवढं सांगून झालं की सगळे पुढे चालू लागतात. ज्या डोंगरासाठी बहमनी, इमादशाही, निजामशाही आणि मोगल सैन्यं एकामागून एक चालून आली, त्याची ओळख आमच्याकडे एवढ्यावरच थांबली आहे.

यंदा ठरवलं की एक अख्खा दिवस फक्त किल्ल्याला द्यायचा, आणि सोबत जाणकार माणूस घ्यायचा. माहूरचाच एक तरुण मिळाला. इतिहास शिकलेला, डोंगर पायाखालचा. त्याचे दिवसाचे पैसे ठरले, आमच्याकडून भाड्याची गाडी ठरली. निघण्याआधी फोनवर त्याने एकच विचारलं, "सर, फक्त किल्लाच ना? मग भाकरी बांधून आणा. घाईत काही दिसत नाही."

धनोड्याजवळचा पूल आला तेव्हा नदीला पाणी बऱ्यापैकी होतं. अलीकडे पऱ्हाटी आणि तूर, पलीकडेही पऱ्हाटी आणि तूर. मग सागाचं जंगल आणि चढ. गाइडने गाडीत बसताच किल्ल्याचा पत्ता नकाशावर सांगावा तसा सांगितला. महमूद गावानने बहमनी राज्याच्या सुभ्यांची फेरमांडणी केली, तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग झाले: गाविल आणि माहूर. पुढे इमादशाही वऱ्हाडात स्थिरावली आणि माहूरवरून तिची अहमदनगरच्या निजामशाहीशी भांडणं होत राहिली. 1574 मध्ये निजामशाहीने वऱ्हाडच गिळला, 1596 मध्ये तो मोगलांकडे गेला, आणि अकबराच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये माहूरचं नाव लागलं. आमची गावं, आमची शेतं, या सगळ्यांचा सारा ज्या ठाण्याच्या जोरावर वसूल होत होता, ते हे ठाणं.

हत्ती दरवाजाशी उभं राहिलं की त्या जोराचा अर्थ कळतो. दरवाजाची कमान प्रचंड, पण गाइडचं लक्ष कमानीवर नव्हतं. तो वाट दाखवत होता. दरवाजासमोर मोठा जमाव एका वेळी मावणार नाही, वळण घेऊन यावं लागेल आणि वळताना अंगाची एक बाजू तटाला उघडी पडेल, हे त्याने आम्हाला स्वतः चालायला लावून पटवलं. मग वर, आत, इंजाळा तलावापाशी नेलं. डोंगरमाथ्यावर एवढं पाणी पाहून आमच्यातली एक काकू म्हणाली, "इथं तर गाव बसलं असतं!" गाइड हसला. गाव बसायचंच, म्हणाला. वेढा पडला की तटाच्या आत माणसं, घोडे, बैल, शेळ्या सगळे यायचे. तट उंच असून भागत नाही. पाणी आणि दाणा किती दिवस पुरेल, यावर किल्ला टिकतो.

दाण्याचं नाव निघालं तसा त्याने खालच्या मुलखाकडे हात केला. महागाव, पुसद, माहूर या सगळ्या टापूत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. फुलसावंगीच्या बाजाराला त्यांच्यावाचून शोभा नाही. या समाजाचे पूर्वज हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत, आणि दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजा त्यांनी आणलेल्या दाण्यावर जगत. सैन्य पोटावर चालतं असं आपण सहज म्हणतो. ते पोट भरणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं आमच्या शेजारच्या तांड्यात राहतात, ऊसतोडीला जातात, शाळेत शिकवतात. लढाईच्या कथेत त्यांना कधी कुणी जागा दिली नाही. त्या माथ्यावर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की युद्धाची जागा पाहायला आपण येतो तेव्हा तलवारी शोधतो आणि बैलांच्या पाऊलवाटा आपल्या नजरेतून सुटतात.

जेवायला तलावाच्या काठी बसलो. तिथे त्याने शाहजहानची हकिगत सांगितली. तो तेव्हा शहाजादा खुर्रम होता. बाप जहांगीर याच्याविरुद्ध त्याने बंड केलं, बादशाही फौज पाठीवर आली, आणि 1623 मध्ये तो बुऱ्हाणपुराकडून तापी ओलांडून दक्षिणेत उतरला. माहूरला येऊन त्याने आपले हत्ती आणि जड सामान या किल्ल्यात ठेवलं आणि गोवळकोंड्याच्या मुलखातून ओडिशा आणि बंगालकडे निघून गेला. सामान ज्याच्या हवाली केलं तो उदाराम. मलिक अंबराची बाजू सोडून मोगलांकडे आलेला, माहूरच्या मुलखातला मातब्बर सरदार. पुढे ज्याने ताजमहाल बांधला, तो माणूस कधीकाळी पाठलागातून सुटण्यासाठी आमच्या जंगलवाटांनी धावला होता, ही गोष्ट मुलांना फार आवडली. मला मात्र उदारामच्या नावाने पुढची वाट दिसली, कारण रायबागन त्याच घराण्यातली.

रायबागन, म्हणजे सावित्रीबाई. मोगल दरबाराने तिला ही पदवी दिली ती तिच्या पराक्रमासाठी. घरातले कर्ते पुरुष गेल्यावर तिने फौज आणि मुलूख दोन्ही सांभाळले. औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान 1660 मध्ये दख्खनेत आला, चाकणचा किल्ला घेऊन पुण्यात बसला, आणि तिथून त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. त्या फौजेत रायबागन होती. लोणावळ्याच्या बाजूने खाली येताना वाट अरुंद होत गेली, जंगल दाट होत गेलं. 2 फेब्रुवारी 1661 या दिवशी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ती फौज दोन्ही बाजूंनी कोंडली. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना, पाणी मिळेना. कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग वर्णिला आहे. त्यात सैन्याची ही दशा पाहून रायबागन कारतलबखानाला स्पष्ट शब्दांत त्याच्या चुकीची जाणीव करून देते आणि शरण जायचा सल्ला देते. खानाने तो ऐकला, खंडणी कबूल केली आणि सामान टाकून फौज जिवंत परतली.

उंबरखिंडीत, खोपोलीच्या पुढे अंबा नदीच्या खोऱ्यात, आज विजयाचं स्मारक आहे. दर फेब्रुवारीत तिथे लोक जमतात, आणि जमायलाच हवेत. महाराजांच्या युद्धनीतीचा तो उत्तम नमुना आहे: थोडी माणसं, योग्य जागा, शत्रूच्या तहानेचा अचूक अंदाज. मी तिथे डोकं टेकवतो. पण माहूरच्या तलावाकाठी बसून ती हकिगत ऐकताना तिची दुसरी बाजू समोर येते. त्या खिंडीत कोंडलेल्या माणसांत आमच्या मुलखाची माणसं असणार. माहूरच्या सरदारिणीची फौज म्हणजे पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून उचललेले शिलेदार, बारगीर, मोतद्दार. ते कुणाशी का लढत होते, हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? धनी जिकडे, चाकरी तिकडे. तहानेने व्याकूळ झालेल्या त्या पोरांपैकी कुणी आमच्या पूर्वजांचा भाऊबंद असू शकतो.

गाइड म्हणाला, "सर, इथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, इथं महाराज आले होते का? नाही म्हटलं की चेहरा पडतो. काही जण तिथूनच परत फिरतात." मी त्याला विचारलं, मग तू काय करतोस? तो म्हणाला, "मी रायबागन सांगतो. काही लोक चिडतात. ती मोगलांची, तिचं काय सांगता, म्हणतात. मी म्हणतो, ती माहूरची."

त्या दोन शब्दांसाठी मला तो दिवस मोलाचा वाटला. आपण गाइडला पैसे देतो ते त्याच्या वेळाचे आणि ज्ञानाचे. त्याने आपल्याला आवडेल तेच सांगावं, असा त्या पैशांचा अर्थ कधीच होऊ नये. एका कुटुंबासाठी एक माणूस दिवसभर राहिला तर हेच साधतं: घाई नसते, गर्दीला खूश करायचं नसतं, अवघड गोष्ट बोलता येते आणि तिच्यावर प्रश्न विचारता येतात. भक्तांची मोठी सहल घेऊन फिरताना त्याला हे बोलायची उसंत मिळाली नसती.

उतरताना पुन्हा पैनगंगा दिसली आणि बोलणं आमच्या आजोबांच्या काळावर आलं. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. तेव्हापासून ही नदी सरहद्द झाली. फुलसावंगी इंग्रजी अमलात, माहूर निजामाच्या. आमच्या घरची म्हातारी माणसं सांगत, देवीला जाताना नदीपलीकडे करोडगिरीचा नाका लागायचा आणि खिशातल्या कलदार रुपयाऐवजी हाली शिक्का चालायचा. 1947 मध्ये आमच्या काठावर तिरंगा लागला. पलीकडे रझाकारांचं वर्ष सुरू झालं. मराठवाड्यातली असंख्य कुटुंबं जीव मुठीत घेऊन वऱ्हाडात आली. आमच्या जवळच्या उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सरहद्दीवरचा तळ होता; तिथून सत्याग्रही आणि सशस्त्र तरुण नदीपार जात. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ आणि मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले आणि नदी पुन्हा नुसती नदी झाली.

या लढ्याचा मला अभिमान आहे. त्यातल्या हुतात्म्यांची नावं शाळेत घेतली जातात, ती घेतलीच पाहिजेत. पण त्याच सप्टेंबरच्या पुढच्या आठवड्यांत हैदराबाद संस्थानात निरपराध मुसलमानांची मोठी कत्तल झाली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ती नोंदवली आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेडचंही नाव घेतलं. तो अहवाल दीर्घकाळ लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या जुलमाने आलेले निर्वासित आमच्या ओसरीवर झोपले, हे आम्ही सांगतो. त्यानंतर नदीपलीकडे काय घडलं, हे आम्ही मुलांना सांगत नाही. रायबागनबद्दल आम्ही जसे गप्प राहतो, तसंच हे मौन आहे. दोन्हींचं मूळ एक: आपल्या बाजूच्या कथेत जे बसत नाही ते आपलंच नाही, असं समजण्याची सवय.

युद्धाची जागा पाहून माणसाने काय घेऊन यावं, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. अभिमान घेऊन यावाच. जगभर लोक अशा जागा पाहायला जातात. जपानमध्ये हिरोशिमाला शाळेची मुलं नेतात, फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोन्ही पक्षांच्या सैनिकांच्या दफनभूमी आहेत आणि दोन्हींकडे माणसं जातात. जिथे जर्मन सैनिक पुरले आहेत तिथेही कुणाची आई गेलेली असते. शत्रूच्या दुःखाला जागा दिल्याने विजेत्याचा विजय लहान होत नाही. उंबरखिंडीतल्या महाराजांची थोरवी त्यांनी शरणागताला जीवदान दिलं यातही आहे, आणि ते जीवदान ज्यांना मिळालं त्यांत आमची माहूरची रायबागन होती. तिचा निर्णय शहाणपणाचा होता. तिच्या एका सल्ल्याने शेकडो घरांतले कर्ते पुरुष परत आले. हरलेल्या सरदाराला योग्य वेळी हत्यार खाली ठेवायला धाडस लागतं आणि त्या धाडसालाही इतिहासात जागा असायला हवी.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महागाव, उमरखेड, पुसद आणि नदीपलीकडच्या किनवट, माहूर या तालुक्यांतल्या शाळांनी मुलांना देवीच्या सहलीबरोबर एक दिवस किल्ल्यासाठी द्यावा. माहूरच्या चार-दोन शिकलेल्या तरुण-तरुणींना गाइड म्हणून तयार करावं, त्यांच्या मेहनतीचे रास्त पैसे द्यावेत, म्हणजे जाणकार माणूस नोकरीसाठी पुण्याला जाणार नाही. इंजाळ्याच्या काठी बसवून मुलांना सांगावं, की इथे तुमच्या मुलखातली माणसं कधी दिल्लीसाठी, कधी अहमदनगरसाठी लढली. स्वराज्यासाठी लढणारेही इथलेच, आणि 1948 मध्ये नदी ओलांडून गेलेलेही इथलेच. त्यातल्या कुणालाही वगळून सांगितलेला इतिहास आमच्या मुलखाचा नाही. आपल्या माणसांना, ती आज आपल्याला नावडत्या बाजूने लढली असली तरी, आपली म्हणायची हिंमत ज्या गावाला आहे, त्या गावाची मुलं उद्या कुणाच्याही सांगण्यावरून शेजाऱ्यावर दगड उचलणार नाहीत. माहूरचा किल्ला पाहायचा तो याच कारणासाठी, आणि प्रत्येक घराने पाहायचा.